गोल्फच्या चेंडूंचे दुकान

२००९-१० च्या सुमारास अमेरिकेतल्या बँकांमधून गोल्फचे चेंडू, दागिने आणि फुले विकणाऱ्या काही ऑनलाइन दुकानांकडे सारखे पैसे जात होते. दुकानांची संकेतस्थळे होती, त्यांवर मालाची छायाचित्रे होती. पण चेंडू कोणाच्या घरी पोचत नव्हते आणि फुले कोणी मागवत नव्हते. ते पैसे जात होते आयल ऑफ मॅन, आयर्लंड आणि कोस्टा रिका इथून कारभार करणाऱ्या पोकरच्या कंपन्यांकडे. सोंग बँकेसाठी होते. पाठवणाऱ्याला ठाऊक होते, घेणाऱ्याला ठाऊक होते, आणि काही ठिकाणी तर बँकेलाही ठाऊक होते.

पोकर हा अमेरिकेचा घरचा खेळ. हॅरी ट्रुमन व्हाइट हाऊसमध्ये असताना पोकर खेळत. ‘जबाबदारी इथेच थांबते’ अशा अर्थाची त्यांच्या टेबलावरची प्रसिद्ध पाटी पोकरच्याच भाषेतून आलेली आहे. रिचर्ड निक्सन यांनी नौदलात असताना पोकरमध्ये कमावलेले पैसे पहिल्या निवडणुकीला उपयोगी पडले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. बराक ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते तेव्हा स्प्रिंगफिल्डला सहकाऱ्यांबरोबर डाव मांडून बसत. अशा देशात पोकरचे पैसे गोल्फच्या चेंडूंच्या नावाने फिरवायची पाळी यावी, यामागे एक कायदा होता. त्या कायद्याविरुद्ध लढणाऱ्यांची गोष्ट सांगायची तर आधी टेनेसी राज्यातल्या एका हिशेबनिसाला भेटायला हवे.

त्याचे आडनाव खरोखरच मनीमेकर. २००३ साली ख्रिस मनीमेकर याने पोकरस्टार्स या साइटवर ८६ डॉलर भरून एक पात्रता फेरी खेळली आणि लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेचे तिकीट मिळवले. एरवी त्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी होती १० हजार डॉलर. समोरासमोर बसून मोठी स्पर्धा खेळण्याचा अनुभव नसलेल्या या नवख्याने ८३८ खेळाडूंना मागे टाकून २५ लाख डॉलर जिंकले. टेबलात बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे झाकलेले पत्ते एव्हाना प्रेक्षकांना दिसू लागले होते, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला कोण ब्लफ मारतोय ते कळायचे आणि हे आपल्यालाही जमेल असे वाटायचे. पुढच्या वर्षी ग्रेग रेमर हा पेटंटचा वकील जिंकला, तोही पोकरस्टार्सवरून आलेला. तेव्हा खेळाडू होते २,५७६. २००६ साली ते ८,७७३ झाले आणि पहिले बक्षीस १ कोटी २० लाख डॉलरवर गेले.

साइटवाल्यांना पैसा मिळत होता तो जुन्याच वाटेने. पोकरमध्ये खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळतात. अड्डेवाला डावात नसतो, तो प्रत्येक डावातून आपला छोटा वाटा काढून घेतो. त्याला रेक म्हणतात. मागच्या खोलीत पाच टेबले मांडणाऱ्याला पाच टेबलांचा वाटा मिळतो, संगणकावर पाच हजार टेबले मांडणाऱ्याला पाच हजारांचा. पार्टीगेमिंग ही जिब्राल्टरची कंपनी जून २००५ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आली तेव्हा तिची किंमत ब्रिटिश एअरवेजपेक्षा जास्त ठरली. तिचे सॉफ्टवेअर उभे करणारा माणूस आपल्याकडचा होता: आयआयटी दिल्लीतून बाहेर पडलेले अनुराग दीक्षित. कंपनीच्या कामाचा मोठा भाग हैदराबादेत चाले. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

अमेरिकेच्या न्याय खात्याचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते, की हा सगळा बेकायदा धंदा आहे. आधार होता १९६१ चा ‘वायर अ‍ॅक्ट’, म्हणजे तारेवरून पैजा घेणाऱ्या टोळ्यांना आवर घालण्यासाठी रॉबर्ट केनेडी अ‍ॅटर्नी जनरल असताना आलेला कायदा. तार, टेलिफोन आणि घोड्यांचे निकाल यांच्या जमान्यातला. २००२ मध्ये एका अपील न्यायालयाने तो फक्त खेळांवरच्या पैजांना लागू आहे असे सांगितले, तरी खात्याने आपला हेका सोडला नाही. काँग्रेसमध्ये बंदीची विधेयके येत आणि पडत. २००० सालचे असेच एक विधेयक पाडण्यात जॅक अब्रामॉफ या दलालाचा हात होता. एका ऑनलाइन लॉटरी कंपनीने त्याला पैसे दिले होते. जानेवारी २००६ मध्ये अब्रामॉफने भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांची कबुली दिली आणि वारे एकदम फिरले. आता जुगारबंदीच्या बाजूने मत देणे म्हणजे अब्रामॉफशी आपला संबंध नाही हे दाखवण्याचा सोपा मार्ग झाला. जुलैमध्ये प्रतिनिधीगृहाने बंदीचे विधेयक ३१७ विरुद्ध ९३ अशा मतांनी मंजूर केले.

सिनेटमध्ये मात्र ते अडकले. तेव्हा बहुमतातल्या पक्षाचे नेते बिल फ्रिस्ट यांनी वेगळी वाट काढली. बंदरांच्या सुरक्षेचे एक विधेयक तयार होते. अकरा सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत बंदरांच्या सुरक्षेविरुद्ध हात वर करणारा खासदार शोधून सापडला नसता. २९ सप्टेंबरच्या रात्री, निवडणुकीच्या सुट्टीसाठी सगळे घरी जायच्या घाईत असताना, या विधेयकाच्या शेपटीला जुगाराचे प्रकरण जोडले गेले. प्रतिनिधीगृहात विरोधात दोन मते पडली. १३ ऑक्टोबर २००६ रोजी जॉर्ज बुश यांनी सही केली. आपल्याकडे चांगल्या मालाखाली खराब माल दडपणारे भाजीवाले असतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेचे संसदगृह होते.

या कायद्याने पोकर खेळणे गुन्हा ठरवले नाही. खेळणाऱ्याला त्याने हातही लावला नाही. बेकायदा जुगार कशाला म्हणायचे हेही नीटसे सांगितले नाही, तो प्रश्न इतर कायद्यांवर सोडला. त्याने केले एवढेच, की असा धंदा करणाऱ्याकडे पैसे पोचवायला बंदी घातली आणि तो प्रवाह अडवण्याचे काम बँकांवर टाकले. शर्यतीच्या घोड्यांवरच्या पैजा त्यातून वगळल्या, राज्यांच्या लॉटऱ्यांना मोकळीक ठेवली, फँटसी स्पर्धांनाही अटींसह सूट दिली. म्हणजे निव्वळ नशिबाचा जो खेळ तो सुटला आणि डोके चालवावे लागते तो पोकर अडकला. पुढची सगळी चळवळ या एका रागावर उभी राहिली. माझ्या मते तिथेच ती फसलीही.

बातमी आल्यावर पार्टीगेमिंगच्या शेअरची किंमत एका दिवसात निम्म्याहून खाली आली आणि कंपनीने अमेरिकेतला गाशा गुंडाळला. पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट या शेअर बाजारात नसलेल्या कंपन्या मात्र राहिल्या. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, सबब कायदा आम्हाला लागू नाही, असे त्यांच्या वकिलांचे मत होते. शिस्तीत निघून गेलेल्यांचे गिऱ्हाईक त्यांना आयते मिळाले.

‘पोकर प्लेयर्स अलायन्स’ ही संघटना २००५ मध्येच निघाली होती. कायद्यानंतर तिला बळ आले. २००७ मध्ये तिचे अध्यक्षपद आल्फॉन्स डिमॅटो यांनी घेतले. न्यूयॉर्कचे तीन वेळा निवडून आलेले रिपब्लिकन सिनेटर, स्वतः पोकरचे शौकीन आणि वॉशिंग्टनचे सगळे दरवाजे माहीत असलेला माणूस. कार्यकारी संचालक जॉन पापास रोजचा किल्ला लढवत. दहा लाखांवर सदस्य असल्याचा दावा होता. साइटवर खेळणाऱ्याला एका क्लिकने सदस्य होता येत असे, हे लक्षात घेऊनही आकडा लहान नव्हता. जगज्जेते खेळाडू टाय लावून खासदारांच्या कचेऱ्यांत जाऊ लागले. ग्रेग रेमर एरवी डोळ्यांवर पालीचे डोळे छापलेला चष्मा घालून टेबलाशी बसे. इथे त्याच्यातला पेटंटचा वकील कामाला आला. नोव्हेंबर २००७ मध्ये नामांकित खेळाडू अ‍ॅनी ड्यूक हिने प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे साक्ष दिली.

त्यांना आतला माणूस मिळाला तो मॅसॅच्युसेट्सचे बार्नी फ्रँक. तोंडाने तिखट, डोक्याने तल्लख आणि स्वतः पत्ते न खेळणारे. वित्तविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्यांचा मुद्दा साधा होता: प्रौढ माणसाने स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशाचे काय करावे हे सरकारने ठरवू नये. २००७ मध्ये त्यांनी परवाने देऊन, कर लावून, वयाची तपासणी सक्तीची करून ऑनलाइन जुगार कायद्याच्या चौकटीत आणण्याचे विधेयक मांडले. ते बसले. २००९ मध्ये पुन्हा मांडले. २८ जुलै २०१० रोजी समितीने ते ४१ विरुद्ध २२ मतांनी संमत केले. सभागृहापुढे ते आलेच नाही. चळवळीचा वॉशिंग्टनमधला सर्वांत मोठा विजय हाच.

दरम्यान बँका वैतागल्या होत्या. कोणता जुगार बेकायदा ते कायदा सांगत नाही आणि अडवायचा मात्र आम्ही, ही त्यांची तक्रार. नियम ठरायला दोन वर्षे लागली, अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलून १ जून २०१० वर नेली गेली. तिकडे अँटिग्वा हा चिमुकला देश जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध खटला जिंकून बसला आणि त्याला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईचा हक्क मिळाला. महासत्तेने तो फारसा मनावर घेतला नाही.

संघटनेच्या युक्तिवादात एक गाठ होती, ती सुटत नव्हती. संघटना म्हणे, पोकर आजच्या कायद्यातही बेकायदा नाही. आणि त्याच दमात म्हणे, पोकर कायदेशीर करा. पहिले खरे असेल तर दुसरे कशाला? दुसरे हवे असेल तर आज लाखो लोकांकडून पैसे घेणारे कोण? संघटनेचा खर्च मुख्यतः याच साइट्सच्या पैशातून चाले, म्हणून हा प्रश्न ती स्वतःला मोठ्याने विचारू शकत नव्हती.

तिने भर दिला कौशल्यावर. पोकरस्टार्सने २००९ मध्ये एका सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीकडून आपल्याच साइटवरचे १० कोटी ३० लाख डाव तपासून घेतले. त्यांतले ७५.७ टक्के डाव पत्ते न उघडताच संपले होते, म्हणजे बाकीच्यांनी पत्ते टाकून दिले होते. जिंकणाऱ्याच्या हातात काय होते हे कोणाला दिसलेच नाही. पत्ते चांगले आले म्हणून नव्हे, तर समोरच्याला मागे सरायला लावले म्हणून तो जिंकला. मुद्दा बिनतोड वाटतो. खेळणाऱ्याला तो पटतोच. जो दर शुक्रवारी हरतो त्याला विचारा, तोही सांगेल की कौशल्य लागते.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटायचे कारण नाही. आपल्याकडे तो शब्दकोड्यांवरून झाला होता. बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चालणाऱ्या आर.एम.डी.सी.च्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांना तेव्हाच्या मुंबई राज्यात मोठे गिऱ्हाईक होते आणि राज्याने त्यावर कर बसवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ च्या चमारबागवाला निकालांनी एक कसोटी घालून दिली: यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर तो जुगार नव्हे. ती शब्दकोडी स्वतः त्या कसोटीला उतरली नाहीत, पण तिच्या आधाराने पुढे १९६८ मध्ये रमी सुटली आणि नंतरच्या काळात ऑनलाइन रमी व पोकरच्या देशी कंपन्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत नवा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, सरसकट बंद केला. बँकांनी त्यासाठी पैसे पोचवायचे नाहीत हे कलम त्यातही आहे. अड्ड्यावर धाड घालण्यापेक्षा अड्ड्याकडे जाणारा पैसा अडवणे सोपे, हे सगळ्याच सरकारांना केव्हातरी उमगते.

अमेरिकेत कौशल्याच्या मुद्द्याला एक विलक्षण न्यायाधीश मिळाले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात लॉरेन्स डिक्रिस्टिना नावाचा माणूस विजेवरच्या सायकलींच्या गोदामामागे आठवड्यातून दोनदा पोकरचा डाव भरवायचा आणि पाच टक्के रेक घ्यायचा. त्याच्यावर केंद्राच्या बेकायदा जुगार-धंदा कायद्याखाली खटला झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ९१ वर्षांच्या जॅक वाइनस्टाइन यांनी शंभराहून अधिक पानांचे निकालपत्र लिहून, आकडेवारीचे तक्ते मांडून ठरवले, की पोकरमध्ये नशिबापेक्षा कौशल्य जास्त, म्हणून हा गुन्हा त्या कायद्यात बसत नाही. पोकरवाल्यांनी जल्लोष केला. वर्षभराने अपील न्यायालयाने निकाल फिरवला. कौशल्य किती आणि नशीब किती याच्याशी या कायद्याला कर्तव्यच नाही, न्यूयॉर्क राज्यात हा धंदा बेकायदा आहे एवढे पुरे, असे ते म्हणाले. वाइनस्टाइन यांचे तक्ते चुकले असे कोणी म्हटले नाही. ते गैरलागू ठरले.

पण त्याच्या आधीच, १५ एप्रिल २०११ रोजी, सगळे उलटेपालटे झाले होते.

त्या महिन्यापर्यंत चळवळ आशेत होती. सिनेटमधले नेते हॅरी रीड हे नेवाडाचे, तरुणपणी तिथल्या जुगार आयोगाचे अध्यक्ष राहिलेले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी फक्त पोकरपुरते विधेयक रेटायचा प्रयत्न केला होता. तो फसला, तरी वेगासच्या कॅसिनोवाल्यांना वारा कळला होता. मार्चच्या अखेरीस स्टीव्ह विन यांच्या कॅसिनोने पोकरस्टार्सशी हातमिळवणी जाहीर केली. लगीनघर सजले होते म्हणा ना. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, पोकरच्या साइट्स उघडणाऱ्यांना पत्त्यांऐवजी एफबीआय आणि न्याय खात्याची बोधचिन्हे दिसली. न्यूयॉर्कचे केंद्रीय सरकारी वकील प्रीत भरारा, मूळचे पंजाबातल्या फिरोजपूरचे, यांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर यांच्या संस्थापकांसह ११ जणांवरचे आरोपपत्र उघड केले. विन यांनी लग्न त्याच दिवशी मोडले.

आरोपपत्रात गोल्फचे चेंडू होते. बँकांना फसवल्याचा आरोप जुगाराच्या आरोपापेक्षा वजनदार होता आणि तिथे कौशल्याचा युक्तिवाद चालणार नव्हता, कारण पत्ते कितीही हुशारीने खेळा, खोटे दुकान ते खोटेच. यूटा राज्यातल्या सेंट जॉर्ज या गावच्या सनफर्स्ट नावाच्या लहान बँकेचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. यूटामध्ये जुगाराला इतकी मनाई, की तिथे सरकारी लॉटरीसुद्धा नाही. पण बँक अडचणीत होती. पैसे फिरवणाऱ्या मध्यस्थांनी तिच्यात १ कोटी डॉलर गुंतवायची तयारी दाखवली आणि बँकेने पोकरचे व्यवहार हाती घेतले. अशा रीतीने २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देशातल्या सर्वांत सोवळ्या राज्यातून गेली. हे सगळे सरकारला कळले कसे? डॅनियल त्झ्वेटकॉफ हा ऑस्ट्रेलियाचा तरुण याच साइट्सचे पैसे फिरवायचा. एप्रिल २०१० मध्ये तो लास वेगासला आला, तिथे पकडला गेला आणि त्याने तपासाला मदत करायचे ठरवले.

खेळाडूंसाठी खरा घाव पुढे होता. पोकरस्टार्सने थोड्याच दिवसांत अमेरिकी खेळाडूंचे पैसे परत केले. त्यांनी ते वेगळे ठेवले होते. फुल टिल्टकडून आज देतो, उद्या देतो असे चालले. सप्टेंबर २०११ मध्ये भरारा यांनी न्यायालयात हिशेब मांडला: जगभरच्या खेळाडूंचे देणे सुमारे ३९ कोटी डॉलर, बँकेत शिल्लक सुमारे ६ कोटी. आणि मालक व संचालकांनी चार वर्षांत वाटून घेतलेली रक्कम ४४ कोटी ४० लाख. भरणा करायला मध्यस्थ मिळेनात तेव्हा कंपनीने खेळाडूच्या बँकेतून पैसे आलेच नसताना त्याच्या खात्यावर ते जमा दाखवले, म्हणजे लोक नसलेल्या पैशांनी खेळले, काहींनी ते जिंकले आणि काढूनही नेले. या एका प्रकारातले भगदाड १३ कोटी डॉलरचे होते. ज्यांच्यावर बोट ठेवले त्यांत सीईओ रे बिटार यांच्याबरोबर दोन नामांकित खेळाडू होते, हॉवर्ड लेडरर आणि ख्रिस फर्ग्युसन. दोघेही पोकर प्लेयर्स अलायन्सच्या संचालक मंडळावर बसलेले. समितीपुढे साक्ष देणारी अ‍ॅनी ड्यूक ही लेडररची सख्खी बहीण. पुढे दोघांनी गैरकृत्य कबूल न करता सरकारशी दिवाणी तडजोड केली. बिटार यांनी गुन्हा मान्य केला.

असे होऊ शकते याचा इशारा आधी मिळाला नव्हता असे नाही. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या एका खेळाडूला जिंकणाऱ्याचा संशय आला. त्याने कंपनीकडे डावांची नोंद मागितली. कंपनीने पाठवलेल्या फाइलीत चुकून सगळ्यांचेच झाकलेले पत्ते आले, शिवाय टेबलाशी नुसते बघत बसलेल्या एका खात्याचा माग. कोणीतरी आतून सगळ्यांचे पत्ते पाहत होते आणि जिंकणाऱ्याला कळवत होते. अल्टिमेट बेट या जोडसाइटवर तर अशी चोरी वर्षानुवर्षे चालली होती आणि तिथे सापडलेले मुख्य नाव होते १९९४ चा जगज्जेता रस हॅमिल्टन. दोन्ही प्रकरणे खेळाडूंनी स्वतः रात्री जागून, डावांचे आकडे जुळवून शोधली. परवाना देणारे आयोग नंतर जागे झाले आणि दंड ठोकून मोकळे झाले.

नियमन हवे यासाठी याहून मोठा पुरावा दुसरा कोणता? डिमॅटो आणि पापास यांनी तो मांडलाही: पाहा, देखरेख नसली की असे होते. पण तो त्यांच्या तोंडून ऐकताना समोरच्याला दुसरेच दिसत होते. खेळाडूंचे वकीलपत्र घेतलेली संघटना ज्यांच्या पैशावर चालली, त्यांच्यातल्याच काहींनी खेळाडूंचे पैसे खाल्ले होते. खेळाडूंच्याच रेकमधून आलेला पैसा, खेळाडूंच्याच नावाने वॉशिंग्टनमध्ये खर्च झालेला. चळवळीतली बहुतेक माणसे प्रामाणिक होती याबद्दल मला शंका नाही. पण मालक आणि खेळणारे यांचे हित एकच आहे असे धरून चालणारी संघटना मालकांना कडक प्रश्न विचारत नाही. गिरणगावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

खेळाडूंना पैसे मिळाले, तेही अनपेक्षित वाटेने. जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने न्याय खात्याशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली, त्यात फुल टिल्ट विकत घेतले आणि अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंचे १८ कोटी ४० लाख चुकते करायचे मान्य केले. अमेरिकी खेळाडूंना सरकारमार्फत फेब्रुवारी २०१४ पासून पैसे यायला लागले. तोवर अनेक धंदेवाईक खेळाडू पोटासाठी कॅनडात किंवा मेक्सिकोत राहायला गेले होते, कारण साइट्स तिथे चालू होत्या.

आणि आता लॉटरी. न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांना आपल्या लॉटरीची तिकिटे इंटरनेटवर विकायची होती. केंद्राचा वायर अ‍ॅक्ट आड येतो का, असे त्यांनी न्याय खात्याला विचारले. २३ डिसेंबर २०११ रोजी, नाताळच्या सुट्टीला सगळे निघालेले असताना, खात्याचे उत्तर बाहेर आले: हा कायदा फक्त खेळांवरच्या पैजांना लागू आहे. पन्नास वर्षांचा हेका एका टिपणाने सुटला. त्याचा अर्थ असा, की कोणतेही राज्य आपल्या हद्दीत ऑनलाइन पोकर कायदेशीर करू शकत होते. सहा वर्षे वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवून, १० कोटी डावांचे आकडे मांडून जे दार हलले नाही, ते उघडले लॉटरीने, ज्या खेळात अक्कल अजिबात लागत नाही त्याने. अनुराग दीक्षित यांनी २००८ मध्ये याच वायर अ‍ॅक्टखाली गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर भरले होते. त्यांच्या मनात तो नाताळ कसा गेला असेल?

पुढचे राज्याराज्यांत झाले. नेवाडात ३० एप्रिल २०१३ रोजी पहिला कायदेशीर डाव मांडला गेला, नोव्हेंबरात डेलावेअर आणि न्यू जर्सी आले. पण पोकरला माणसे लागतात. रात्री दोन वाजता टेबलाशी चौघे जमले नाहीत तर खेळ नाही, आणि नेवाडाची सगळी लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत. पहिली साइट दीड वर्षात बंद पडली. राज्यांनी आपापसांत करार करून टेबले जोडायला सुरुवात केली. तोवर न्यू जर्सीत दिसून आले होते, की ऑनलाइन कॅसिनोतला खरा गल्ला स्लॉट मशीनचा असतो आणि पोकर त्यात चटणीएवढा. मोहिमेच्या फलकावर पोकर होता, गल्ल्यावर दुसरेच बसले. कॅलिफोर्नियात आदिवासी जमातींचे कॅसिनो, पत्त्यांचे क्लब आणि रेसकोर्सवाले दशकभर भांडले आणि विधेयक कधी झालेच नाही.

विरोधाची धुराही आता एका कॅसिनोसम्राटाकडे आली होती. शेल्डन अ‍ॅडेल्सन यांचे साम्राज्य वेगास ते मकाऊ पसरलेले, पण घरात बसून खेळलेला जुगार त्यांना अनैतिक वाटे. तो थांबवायला पडेल तो खर्च करू असे त्यांनी सांगितले आणि केलाही. २०११ चे टिपण रद्द करणारे विधेयक २०१४ पासून अनेकदा आले, मंजूर झाले नाही. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये न्याय खात्याने स्वतःच मत बदलले. त्याला न्यायालयात आव्हान दिले ते न्यू हॅम्पशरच्या सरकारी लॉटरीने. पुन्हा लॉटरीच. २० जानेवारी २०२१ रोजी अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. अ‍ॅडेल्सन त्याच्या नऊ दिवस आधी वारले होते.

पोकरस्टार्सचे संस्थापक इसाय शाइनबर्ग यांनी कंपनी २०१४ मध्येच ४९० कोटी डॉलरला विकून टाकली होती. जानेवारी २०२० मध्ये ते न्यूयॉर्कला येऊन हजर झाले, मार्चमध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. सप्टेंबरमध्ये शिक्षा झाली: ३० हजार डॉलर दंड, तुरुंगवास नाही. एप्रिल २०११ च्या त्या शुक्रवारच्या ११ आरोपींतले ते शेवटचे. ज्या न्यूयॉर्कने लॉटरीचा प्रश्न विचारला आणि जिथल्या सरकारी वकिलाने साइट्स बंद पाडल्या, त्या राज्यात जानेवारी २०२२ पासून फोनवर फुटबॉलच्या सामन्यावर पैसे लावता येतात. पोकरचे विधेयक तिथल्या विधिमंडळात वर्षामागून वर्षे येते. ते अजून मंजूर झालेले नाही.